मकर राशी : वैद्याने कोठे पाहावी?

ज्योतिष आणि आयुर्वेद ही भगिनी-शास्त्रे होत, हे वाक्य आपल्या संमेलनांतून आणि स्मरणिकांतून इतक्या वेळा उच्चारले जाते की ते ऐकून माना डोलावण्यापलीकडे कोणी काही करीत नाही. या दोन भगिनींची भेट नेमकी कोणत्या ठिकाणी होते, कोणत्या ठिकाणी होत नाही, हा प्रश्न विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. तो प्रश्न सर्व बारा राशींच्या बाबतीत विचारण्याची माझी योग्यता नाही. एकच राशी घेतो, मकर. कारण शिशिरात ज्या रुग्णांची आपल्याकडे गर्दी होते त्यांत गुडघे धरून येणारे पुष्कळ असतात, आणि त्यांतील बरेच जण आपली राशी आधी सांगतात व दुखणे मागाहून.

प्रथम ज्योतिषाचे म्हणणे सरळपणे मांडू. मकर ही राशिचक्रातील दहावी राशी. २७० ते ३०० अंशांचा तिचा विस्तार. उत्तराषाढेचे शेवटचे तीन चरण, संपूर्ण श्रवण आणि धनिष्ठेचे पहिले दोन, असे नऊ चरण तिच्यात येतात. ती चर राशी; प्रचलित ग्रंथांत पृथ्वीतत्त्वाची. स्वामी शनी. मंगळ येथे २८ अंशांवर परमोच्च होतो, गुरू ५ अंशांवर परमनीच. कालपुरुषाच्या देहावर मेषेपासून मस्तक धरून राशी मांडल्या की मकरेच्या वाट्याला जानू येतात. वराहमिहिराच्या बृहज्जातकात शनी हा वातप्रकृतीचा सांगितला असून सप्तधातूंच्या धर्तीवरील वाटणीत स्नायू त्याच्याकडे दिले आहेत. गुडघा, स्नायू, वात आणि मंदगती ग्रह ही साखळी इतकी सुबक जुळते की वैद्याला तिचा मोह पडावा यात नवल नाही. संधिगतवाताचा रुग्ण समोर बसला आहे, त्याची राशी मकर आहे, आणि शनी त्याच राशीत फिरत आहे, असा योग आला की शास्त्रे एकमेकींना टाळी देत आहेत असे वाटू लागते.

राशीचे चित्रही पाहण्यासारखे आहे. आपल्या परंपरेत ती मृगमुखी नक्र आहे, म्हणून 'मृग' हाही तिचा पर्याय. पश्चिमेकडे तीच शेळी आणि मासा यांचा संकर होते. बाबिलोनच्या लोकांनीही तिला तशीच कल्पिली होती. वराहमिहिराने राशींची जी ग्रीक वळणाची नावे नोंदवली आहेत त्यांत मकरेचे नाव 'आकोकेर' आहे. तेथेच कुंभेचे नाव 'हृद्रोग' असे आले आहे. (पाणी ओतणाऱ्याला ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्याचे ते संस्कृत रूप. हृदयाच्या व्याधीशी त्याचा काडीइतका संबंध नाही. पण उद्या एखाद्या उत्साही लेखकाने कुंभ राशीच्या लोकांना अर्जुनारिष्ट सुचवले तर मला आश्चर्य वाटणार नाही.) तात्पर्य एवढेच की राशींची ही नावे वेदांतली नव्हेत. वेदांगज्योतिषात नक्षत्रे आहेत, अयने आहेत, राशी नाहीत. हे काही परकीयांनी शोधून काढलेले नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या १८९६ मधील 'भारतीय ज्योतिःशास्त्र' या मराठी ग्रंथात याची चर्चा आहे. औषधी गोळा करण्यासाठी चरकाने कल्पस्थानात पुष्य, अश्विनी, मृगशीर्ष ही नक्षत्रे सांगितली, तीही याच जुन्या पद्धतीला धरून.

आता चिकित्सालयात येऊ. रुग्ण म्हणतो, 'वैद्यराज, माझी मकर रास.' कोणती मकर? वर्तमानपत्रातील स्तंभ वाचणाऱ्याची मकर म्हणजे साधारणतः २२ डिसेंबर ते १९ जानेवारी या दिवसांतील जन्म. ती सायन सूर्यराशी. पत्रिका बाळगणाऱ्याची मकर म्हणजे जन्मवेळी चंद्र निरयन मकरेत होता. ज्याला जन्मवेळ ठाऊक नाही तो नावाच्या आद्याक्षरावरून राशी ठरवतो. भो, जा, जी, खी, खू, खे, खो, गा, गी ही मकरेची अक्षरे. म्हणजे घरात ठेवलेले नाव बदलले की राशीही बदलली! शिवाय लग्नराशी निराळीच. चारही अर्थांनी मकर असणारा मनुष्य शोधू गेल्यास क्वचितच सापडेल. एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी असताना त्या शब्दावर औषधयोजना उभारणे हे वैद्यकाला तर नाहीच, पण ज्योतिषालाही मान्य होणार नाही. मला ज्या जाणत्या ज्योतिषांचा सहवास लाभला ते केवळ राशीवरून रोग सांगत नाहीत. षष्ठस्थान, लग्नेश, दशा, नवमांश यांतून गेल्याशिवाय ते तोंड उघडत नाहीत. अर्ध्या मिनिटात राशीवरून दोष सांगण्याची रीत ज्योतिषाचीही नव्हे. ती आपल्यातल्याच घाईने जन्माला घातली आहे.

याची किंमत कोण मोजतो, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत पन्नाशीतील एक शेतकरी माझ्याकडे आणला गेला. उजवा गुडघा लाल, तप्त, तणावलेला. थंडी वाजून ज्वर. पाय टेकवता येत नव्हता. पत्रिका नव्हती, परंतु नाव 'गा'पासून सुरू होणारे, म्हणून मकर. आपल्याच व्यवसायातील एका गृहस्थांनी त्याला सांगितले होते की मकरेची साडेसाती २९ मार्चला सुटते, तोवर गुडघा असाच छळणार. तेल लावा, शनिवार धरा. बहुतेक पंचांगांनुसार ती तारीख बरोबरच होती. त्या दिवशी शनीने कुंभ सोडून मीनेत प्रवेश केला. पण गुडघ्यातील पाक पंचांग पाहून थांबत नाही. सुश्रुताने पक्व शोफाची लक्षणे सांगून त्याची उपेक्षा करणाऱ्याला आणि आमावस्थेत शस्त्र घालणाऱ्याला सारख्याच कठोरपणे फटकारले आहे. रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात पाठवले. सांध्यातून पू काढला गेला, जीव वाचला. गुडघा मात्र पूर्वीसारखा वाकत नाही. अकरा दिवस गेले होते. सुश्रुताने जानुमर्म वैकल्यकर मर्मांत घातले असून त्याच्या विघाताचे फळ खंजता सांगितले आहे. ते पाठांतरापुरते नव्हे.

गुडघ्याचे सर्व विकार एक नव्हेत, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जाणतो. संधिगतवात निराळा, आमवात निराळा, वातरक्त निराळे, कोल्ह्याच्या मस्तकासारखा स्थूल शोथ असणारे क्रोष्टुकशीर्ष निराळे, आणि पाकाला गेलेला शोफ सर्वांहून निराळा. आमवातात स्नेह घातला तर रुग्ण बिघडतो. संधिगतवातात स्नेहावाचून चालत नाही. या पाचांना 'शनीचा वात' असे एकच नाव दिले की निदान तेथेच संपते. निदान संपल्यावर जे उरते त्याला चिकित्सा म्हणावे काय, हे वाचकांनीच ठरवावे.

कोणी म्हणेल, व्याधी राहू द्या, राशीवरून निदान प्रकृती तरी कळते. यालाही आपल्या शास्त्रातच आडकाठी आहे. सुश्रुताच्या शारीरस्थानानुसार प्रकृती शुक्रशोणितसंयोगाच्या वेळी जो दोष उत्कट असतो त्याने ठरते. तो क्षण गर्भाधानाचा. जन्मराशी प्रसूतीच्या क्षणाची. दोन क्षणांत नऊ महिन्यांचे अंतर. पहिल्याचा निर्णय दुसऱ्यावरून करण्याचे सूत्र बृहत्त्रयीत माझ्या वाचनात आलेले नाही. शिवाय राशीची स्वतःची साक्षही एकमुखी नाही. स्वामी पाहिला तर वात. तत्त्व पाहिले तर पृथ्वी, म्हणजे गुरू, स्थिर, कठिण. आपल्या पांचभौतिक विचाराने ती कफाच्या बाजूची. उच्च होणारा ग्रह पाहिला तर मंगळ, म्हणजे पित्त. तिन्ही दोषांना आपापला पुरावा सापडतो अशी ही राशी आहे. ज्याला जे सिद्ध करायचे आहे त्याने ते करावे!

दैवव्यपाश्रय चिकित्सा चरकाने मानली आहे आणि मीही ती मानतो. मणी, मंत्र, मंगल, बली, उपहार यांना तेथे स्थान आहे. पण त्याच चरकाने जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात आयुष्य दैव आणि पुरुषकार या दोहोंच्या बलाबलावर अवलंबून असल्याचे सांगितले आहे, आणि सर्वांचे आयुष्य नियतच असते तर औषधे, मंत्र, पथ्य यांच्या मागे कोणी लागले नसते, असा रोखठोक युक्तिवादही केला आहे. दैवाला बलवान प्रयत्न नमवू शकतो, हा तेथील निष्कर्ष. साडेसाती सुटेपर्यंत थांबा, असे सांगणारा वैद्य चरकाच्या या अध्यायाशी फारकत घेत असतो, मग त्याच्या भिंतीवर धन्वंतरीची तसबीर कितीही मोठी असो.

मग आयुर्वेदात मकर राशीला काहीच अर्थ नाही काय? आहे, आणि तो मोठा आहे. पण तो रुग्णाच्या पत्रिकेत नसून सूर्याच्या मार्गावर आहे.

शार्ङ्गधराने पूर्वखंडात ऋतू महिन्यांनी न सांगता राशींनी सांगितले आहेत : मेष-वृषभ ग्रीष्म, मिथुन-कर्क प्रावृट्, सिंह-कन्या वर्षा, तूळ-वृश्चिक शरद, धनू-मकर हेमंत, कुंभ-मीन वसंत. मकरेला त्याने तेथे 'ग्राह' म्हटले आहे. ही मांडणी शोधनाला अनुसरणारी, म्हणून शिशिर वगळून प्रावृट् धरलेली. चरकाच्या तस्याशितीय अध्यायातील स्वस्थवृत्ताची मांडणी घेतली तर उत्तरायणाच्या आरंभापासून आदानकाल सुरू होतो आणि शिशिर हा त्याचा पहिला ऋतू. विसर्गाच्या अंती आणि आदानाच्या आरंभी मनुष्याचे बल श्रेष्ठ असते. म्हणजे मकरेचा आरंभ हा वर्षातील बलाच्या शिखराचा बिंदू. अग्नी प्रदीप्त, गुरु-स्निग्ध आहार पचवण्याची शक्ती पूर्ण, आणि कफाचा संचय हळूहळू सुरू. ऋतूच्या या हिशेबात वाताचा प्रकोप वर्षेत आहे, मकरेत नाही. शिशिरात आदानजन्य रूक्षता असते आणि शैत्याने वातरुग्णाच्या वेदना वाढतात, हे खरे. पण समाजात एकूण जो दोष या काळात साठत असतो तो कफ. 'मकर म्हणजे वात' या सूत्राने चालणारा वैद्य ऋतूच्या उलट दिशेने चालतो, ते असे.

आता एक अडचण, आणि माझ्या मते लेखाचा खरा विषय हाच. सूर्य मकरेत कधी जातो? पंचांग म्हणते १४ किंवा १५ जानेवारीस. २०२४ साली १५ जानेवारीस संक्रांत होती, २०२५ साली १४ जानेवारीस. परंतु सूर्य दक्षिणेचे टोक गाठून उत्तरेकडे वळतो तो २१ किंवा २२ डिसेंबरला. अयन तेव्हाच होते. अंगणात काठी रोवून मध्यान्हीची सावली मोजणाऱ्या कोणालाही ते दिसते. मध्यंतरीचे २४ दिवस हे अयनांशांचे फळ आहे. चित्रापक्षाच्या गणिताने निरयन आणि सायन आरंभ इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात एकत्र होते. तेव्हापासून सुमारे २४ अंशांचे अंतर पडले आहे आणि साधारण ७२ वर्षांना एक दिवस या गतीने संक्रांत पुढे सरकत आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ साली मकरसंक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तिचा अर्थ मात्र फारसा कोणी लक्षात घेत नाही. आपल्याकडे टिळक पंचांग मानणारी घरे संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास करतात, कारण त्यांचे अयनांश निराळे.

याची जाणीव प्राचीनांना नव्हती असे समजू नये. वराहमिहिराने बृहत्संहितेत स्पष्ट नोंदवले आहे की पूर्वशास्त्रांत उत्तरायण धनिष्ठेच्या आरंभी सांगितले आहे, सांप्रत ते मकरेच्या आरंभी होते. आणि फरक पडल्यास प्रत्यक्ष परीक्षणाने ठरवावे. ज्याच्या नावावर आपण राशींचे भविष्य वाचतो त्याने स्वतः आकाश पाहून जुने वचन सुधारले. दीक्षित सायनपक्षाचे होते ते याच कारणाने. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने १९५५ मध्ये दिलेल्या अहवालावरून २२ मार्च १९५७ पासून जी राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली, तिचे महिनेही ऋतूंना म्हणजे सायन सूर्याला बांधलेले आहेत. ती आकाशवाणीवरच्या उद्घोषणेपुरती राहिली, हे आपले दुर्दैव.

व्यवहारात २४ दिवसांनी काय बिघडते? शरदाचे उदाहरण घ्यावे. शार्ङ्गधराचा तूळ-वृश्चिक शरद निरयन धरला तर तो १७ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होऊन डिसेंबरच्या मध्यापर्यंत चालतो. महाराष्ट्रात डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पित्तप्रकोपाचा काळ म्हणून विरेचन देणारा वैद्य सायंकाळी स्वतः शाल पांघरून बसलेला असतो. तोच शरद सायन धरला तर २३ सप्टेंबर ते २१ नोव्हेंबर; ऑक्टोबरचा उष्मा, डोळ्यांची आग, अंगावर उठणारी पित्ते, सगळे त्यात बसते. सर्वच ऋतू इतके चोख बसतात असे मी म्हणणार नाही. कोकणातील, विदर्भातील आणि देशावरील ऋतू एका कोष्टकात कोंबता येत नाहीत. परंतु शरदाच्या बाबतीत निरयन गणना टिकत नाही, हे कोणीही आपल्या रुग्णनोंदींवरून ताडून पाहावे.

औषधनिर्मात्यांचा तर हा रोजच्या पोटापाण्याचा विषय. सर्व कार्यांसाठी सरस औषधी शरदात घ्यावी आणि वमन-विरेचनासाठीची वसंताच्या अंती, असे शार्ङ्गधर सांगतो. चरक मुळे ग्रीष्मात वा शिशिरात, त्वचा, कंद व क्षीर शरदात, सार हेमंतात घेण्यास सांगतो. मुळांच्या बाबतीत पानांच्या स्थितीची खूणही जोडतो. व्यापारी डिसेंबरात काढलेला कंद 'शरदातला' म्हणून देतो आणि पंचांग त्याच्या बाजूने साक्ष देते. माल हाती घेऊन, मोडून, चाखून पाहणारे खरेदीदार आपल्यात किती उरले आहेत?

या सगळ्या गुंत्याची उकल अष्टांगसंग्रहात तयार आहे, आणि तिच्याकडे आपले इतके दुर्लक्ष का व्हावे हे मला उमगत नाही. ऋतू ओळखण्याची तीन लक्षणे तेथे सांगितली आहेत : मास, राशी आणि स्वरूप. ती उत्तरोत्तर बलवान. ज्याचे बल अधिक त्यानुसार चर्या करावी. म्हणजे चांद्रमासाहून सूर्याची राशी श्रेष्ठ, आणि राशीहून ऋतूचे प्रत्यक्ष स्वरूप श्रेष्ठ. राशीला वाग्भटाने मान दिला, पण मधला पाट दिला. नोव्हेंबरात अवकाळी पाऊस कोसळून आकाश भरून आले असेल, तर महिना कोणता आणि सूर्य कोठे हे बाजूला ठेवून वैद्याने त्या दिवसांची चर्या सांगावी. अलीकडच्या लहरी हवामानात हे सूत्र ज्याला गवसले त्याला वेगळे हवामानशास्त्र शिकण्याचे फारसे कारण नाही.

आपल्या आजी-पणज्यांनी मकरेचा अर्थ असाच लावला होता. भोगीची मिसळीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, दुसऱ्या दिवशी तिळगूळ. प्रदीप्त अग्नीला योग्य असा हा स्निग्ध, उष्ण आहार आहे आणि तो कुणाची जन्मराशी विचारून वाढला जात नाही. (प्रमेही रुग्णाला मात्र विचारून वाढावा. गुळाच्या विकृतींना चरकाने प्रमेहहेतूंत घातले आहे, आणि 'सणाला एवढ्याने काय होते' हे वाक्य रथसप्तमीपर्यंत दररोज ऐकू येते.) येथे गंमत अशी की संक्रांत २४ दिवस उशिरा येत असली तरी थंडी अद्याप असते, म्हणून ताट चुकत नाही. पण संचित कफाचा विचार करणाऱ्याने अशा स्निग्ध भोजनाला मार्गशीर्षातच आरंभ करून माघाच्या पूर्वार्धात हात आखडता घ्यावा, असे माझे मत आहे. आपल्याकडे बरोबर उलट होते.

दुकानदार बंधूंशी दोन शब्द. मकर राशीचा म्हणून एका ग्राहकाने मकरध्वज मागितला आणि तो त्याला दिलाही गेला, असे एका विक्रेत्याने मला हसत हसत सांगितले. मला हसू आले नाही. मकरध्वज हे नाव कामदेवावरून आले आहे, ज्याच्या ध्वजावर मकर आहे. आकाशातील राशीवरून नव्हे. आणि तो पारद, गंधक व सुवर्ण यांपासून सिद्ध होणारा कूपीपक्व कल्प आहे. औषधी नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये पारदाचा समावेश आहे. असा कल्प वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावा, ही सूचना वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. ती सूचना शोभेसाठी नाही. राशीवार पुड्या, राशीवार तेले, 'शनिपीडाहर' म्हणून वातहर तेलाची बाटली, हे प्रकारही दिसू लागले आहेत. तावीज, मंत्र, कवच यांना रोगनिवारक म्हणून जाहिरातीत आणणे १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने निषिद्ध केले आहे. तेलाच्या बाटलीवर शनीचे चित्र छापून आपण त्या सीमेच्या किती जवळ जातो, याचा विचार छापण्यापूर्वी करावा. महानारायण तेल हे शनीच्या कृपेवाचूनही उत्तम काम करते.

शेवटी एक सूचना मांडतो. नववर्षाच्या सुमारास औषधनिर्मात्यांकडून आपणांस ज्या दिनदर्शिका भेट येतात, त्यांच्या मागील बाजूस बहुधा राशिभविष्य असते. ती जागा ऋतुचर्येला द्यावी. बारा महिन्यांच्या प्रत्येक पानामागे तीन रकाने आखावेत. पहिल्यात चांद्रमास. दुसऱ्यात सूर्याचे सायन आणि निरयन संक्रमण, दोन्ही तारखांसह. तिसऱ्याला 'स्वरूप' असे शीर्षक देऊन तो कोरा ठेवावा. पाऊस केव्हा झाला, उष्मा केव्हा वाढला, कोणते रुग्ण अधिक आले, कोणती वनस्पती केव्हा फुलली, हे ज्या त्या वैद्याने आपल्या गावापुरते त्यात लिहावे. वर्षअखेरीस अशा भरलेल्या दिनदर्शिका जिल्हाशाखांकडे जमा झाल्या तर निरनिराळ्या विभागांचे खरे ऋतू आपल्या हाती येतील. छपाईचा कागद तोच, खर्च तोच. पुढील वर्षाची दिनदर्शिका मुद्रणालयात जाण्यापूर्वी, म्हणजे सायन तुळेत सूर्य असतानाच, इच्छुक निर्मात्यांनी यासंबंधी कार्यकारिणीशी बोलून घ्यावे.